राखून ठेवलेला वारा

सोमवार, ४

आजपासून चाचणी सुरू. टेकडीवरच्या चाळीस पवनचक्क्या, पंधरा दिवस, आणि जबाबदारी माझी. कल्पनाही माझीच, हे इथे लिहून ठेवतो, कारण यश आलं तर वरच्या ऑफिसात तिचे दहा बाप निघतील.

काम तसं सोपं आहे. वारा जोराचा असला तरी पाती जराशी वळवून ठेवायची, चक्क्यांना पूर्ण ताकदीने चालू द्यायचं नाही. दहातला एक हिस्सा वीज राखून ठेवायची. दूर कुठे एखादं मोठं वीजकेंद्र बंद पडलं की ग्रिडची, म्हणजे सगळ्या वीजजाळ्याची, फ्रिक्वेन्सी पन्नास हर्ट्झवरून घसरते. घसरली की आमची पाती आपोआप वाऱ्याला भिडतात आणि राखलेला हिस्सा काही सेकंदांत ग्रिडला मिळतो. आजवर ही सोय नव्हती, म्हणून ग्रिड सावरायला कुणाची तरी लाइन तोडावी लागायची, आणि त्या यादीत पहिला नंबर टेकडीखालच्या गावाचा. पंधरा दिवस आम्ही घसरणीला नीट उत्तर दिलं की गाव यादीतून बाहेर. नियंत्रण केंद्राने तसं लेखी दिलंय.

सकाळी निघताना बायको म्हणाली, "अहो, हे गावात सांगा ना. चौकात एक फळा लावा, नाहीतर चार माणसं बोलवा वर." म्हटलं, ज्यांना घरचा फ्यूज बांधता येत नाही त्यांना मी फ्रिक्वेन्सी शिकवू? तिने पुन्हा तेच लावलं. कप फुटला. भिंतीवर फुटला, तिच्या अंगावर नव्हे, आणि चहाही गारच होता. मुलीने तुकडे वेचले. सहा वर्षांची आहे, पण एकही टोक हाताला लागू न देता वेचते. सवय झाली आहे तिला.

मंगळवार, ५

दुसऱ्याच दिवशी नाक कापलं गेलं. तीन वाजून दहा मिनिटांनी घसरण आली आणि आमची पाती हलली ती सगळं आटोपल्यावर. सेटिंगमधला एक आकडा चुकला होता. गावाची लाइन तुटली, बावीस मिनिटं गाव बंद. नियंत्रण केंद्रातल्या मॅडम फोनवर एवढंच म्हणाल्या, "पहिली चूक माफ. दुसरी नोंदवावी लागेल."

आकडा मीच सांगितला होता, पण भरला मेहुण्याने. भरताना एकदा विचारायला काय झालं होतं? बायकोचा धाकटा भाऊ आहे, ऐंशी मीटर शिडी चढून पाती तपासणारा माझा सर्वांत चांगला माणूस, म्हणून डोक्यावर बसवायचं का? कॉलर धरून भिंतीला टेकवला. "दाजी, सोडा, सगळे बघतायत," म्हणाला. बघू देत की. सगळ्यांना समजायला हवं चूक कुणाची ते.

बुधवार, ६

खालच्या गावातला वखारवाला आला होता. पन्नाशीचा, काटकुळा, भुवयांत लाकडाचा भुसा. दारात चपला काढल्या, जणू देवळातच आला.

"साहेब, दोन मिनिटं. काल तीन दहाला वीज गेली, तीन बत्तीसला आली. माझी करवत फळीत अडकलेली होती. गेली त्याची तक्रार नाही साहेब, पण येते ती न सांगता येते. करवत एकदम फिरते."

"बटन बंद करायला हात दुखतात?"

"करतो ना बंद. पण माणूस आहे, एखाद्या दिवशी राहून जातं. मागे एकदा थोडक्यात वाचलो. वीज परत सोडण्याआधी वखारीत एक फोन केलात तर बरं होईल. मीच पुढे पिठाच्या गिरणीत सांगेन, बर्फवाल्याला सांगेन."

"मी काय तुमचा टपालवाला?"

"तसं नाही साहेब." मग तो खिडकीबाहेर बघत राहिला. "अजून एक विचारू? वारा एवढा आहे, तरी तुमचे पंखे रेंगाळतात. गावात म्हणतात, मुद्दाम धरून ठेवलेत. खरं का हो?"

खरं होतं. तेच झोंबलं. आता याला पहिल्यापासून सगळं सांगायचं म्हणजे कालची चूकही सांगणं आलं. म्हटलं, चला, निघा. तर हा हलेना. "राग नका मानू. खरं काय ते मला सांगा, मी गावाला सांगतो. माझं ऐकतात."

हात कधी उठला कळलं नाही. एकच दिली. चष्मा उडाला. फाटकाशी त्याच्याबरोबर आलेले तिघे उभे होते, त्यांनी पाहिलं. त्याने चष्मा उचलला, सदऱ्याला पुसला, चपला घातल्या आणि म्हणाला, "येतो."

येतो म्हणे! माज तर बघा.

शुक्रवार, ८

फाटकावर लाल रंगात "वीजचोर" लिहिलंय. जीपची पुढची काच दगडाने फुटली. तिसऱ्या चक्कीपाशी रंगाचा डबा घेतलेला एक जण हाती लागला. त्याचा रंग त्यालाच खायला घातला, एक-दोन दातही हलले असतील. रडत पळाला. एकदा धडा शिकवला की पुन्हा कुणी फिरकत नाही, असा माझा अनुभव आहे.

मेहुणा म्हणतो, आता मोठं काहीतरी होणार. तो गावातल्या हॉटेलात जेवतो, त्याला बातम्या लागतात. "दाजी, वखारवाल्याला भेटून या. माफी नका मागू वाटल्यास, पण भेटा." माफी हा शब्द त्याच्या तोंडात कुणी घातला ते मला ठाऊक आहे. घरी जाऊन बायकोला विचारलं. नाही म्हणाली. पुन्हा विचारलं तेव्हा हो म्हणाली.

शनिवार, ९

जमलं! अकरा वाजून चार मिनिटांनी दूरचं एक मोठं वीजकेंद्र बंद पडलं. पडद्यावर फ्रिक्वेन्सीची रेघ दगड टाकल्यासारखी खाली आली. बाहेर चाळीस चक्क्यांची पाती एका दमात वळली, वाऱ्याला भिडली, आवाज बदलला तो खोलीत बसून ऐकू आला. आठ सेकंदांत राखलेला सगळा हिस्सा ग्रिडवर. गावाची लाइन तुटायला केसाएवढं अंतर उरलं होतं, तिथून रेघ वर आली. मॅडम फोनवर हसल्या. नावाने नाही, "साइट" म्हणूनच हाक मारतात त्या. म्हणाल्या, "साइट, आज गाव तुम्ही वाचवलं."

गावात पत्ताही नाही कुणाला. वीज गेलीच नाही, तर वाचली हे दिसणार कुणाला? फाटकावरच्या "वीजचोर"खाली आज कुणीतरी माझी आई-बहीण काढली आहे.

घरी ही बातमी सांगितली. बायको "बरं झालं" म्हणाली आणि भाजी चिरत राहिली. मुलगी वर बघायलाही तयार नाही. एवढ्या दिवसांनी आनंदाची गोष्ट घेऊन आलो, तर घर म्हणजे स्मशान. ताट भिरकावलं. मग वाईट वाटलं, मुलीला जवळ घेतलं. अंग लाकडासारखं ताठ करून उभी राहिली. आईचाच हट्टी स्वभाव.

सोमवार, ११

झालं ते सगळं लिहून ठेवतो.

सकाळी गावात एका ट्रकने विजेचा खांब पाडला. वीज गेली. त्याचा आमच्याशी काडीचा संबंध नाही. पण वर बघितलं तर आमचे पंखे रेंगाळताना दिसतात. अकरा वाजता दोन-तीनशे माणूस टेकडी चढून आलं. गज, काठ्या, पेट्रोलचा कॅन. पहारेकरी मागच्या वाटेने पसार झाला. आत आम्ही सहा जण.

वखारवाला सगळ्यांच्या पुढे होता. फाटकाकडे पाठ करून, गर्दीकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून ओरडत होता. वाऱ्यामुळे मला शब्द ऐकू येत नव्हते, पण चिथावत होता, दुसरं काय करणार! मेहुणा फाटकाजवळच होता, तो मला हाताने "थांबा, थांबा" करत होता. मी थांबलो नाही. पाइप पाना घेतला, फाटकातल्या छोट्या दारातून बाहेर पडलो आणि मागून त्याच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज वाऱ्यातही आला. तो खाली बसला, लहान मूल बसतं तसा.

मग गर्दी अंगावर आली.

मला आत ओढायला मेहुणा धावला आणि तोच त्यांच्या हाती सापडला. गजाने त्याचा पाय मोडला. जबड्यावर किती लाथा बसल्या मोजता आल्या नाहीत. मी पाना फिरवत होतो, कुणाच्या तरी कपाळाला लागला, रक्त माझ्या तोंडावर उडालं, मग पाना हातातून गेला. एका धिप्पाड ट्रकवाल्याने मेहुण्याच्या मानेवर पाय ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "पंखे सोड. पूर्ण सोड, आमच्या डोळ्यांदेखत. नाहीतर हा गेला."

मी कंट्रोल रूममध्ये गेलो आणि राखीव हिस्सा काढून टाकला. पाती वाऱ्याला भिडली, चाळीसच्या चाळीस. गर्दीने आरोळी ठोकली, टाळ्या वाजवल्या. एक म्हातारी रडत होती. आणि नेमका त्याच सुमारास खाली खांब दुरुस्त झाला आणि गावात वीज आली. आता हे जन्मभर पटवून देता यायचं नाही.

मंगळवार, १२

पोलिस जबाब घेऊन गेले. सांगितलं की वखारवाला पुढारी होता आणि मी स्वतःच्या बचावासाठी मारलं. लिहून घेतलं त्यांनी.

मेहुण्याचा जबडा तारांनी बांधलाय, बोलता येत नाही. बायको मुलीला घेऊन शहरातल्या हॉस्पिटलजवळ मावशीकडे राहायला गेली. दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे. तरी सामान जरा जास्तच नेलंय, गरम कपडे, मुलीचं दप्तर, स्वतःच्या आईने दिलेली शिलाई मशीनसुद्धा. बायकांना आवरतं घेता येत नाही.

मॅडमचा फोन आला होता. "एवढं झालं, कळलं. काळजी घ्या. चाचणी थांबवायची का? तसं सांगा, मी सोय करते."

"थांबवायची नाही."

"मग राखीव ठेवलाय ना?"

"ठेवलाय," म्हटलं.

ठेवलेला नाही. गावाला पूर्ण फिरणारे पंखे हवे होते ना, मग घ्या. वारा किती आहे तो आकडा इथूनच केंद्राला जातो. थोडा वाढवून पाठवला की कागदावर राखीव दिसतो. चाचणीचे फक्त सहा दिवस राहिलेत. एवढ्यात कुठे घसरण येते! मार खाल्ला मी, माणूस मोडला माझा, आणि आता हरायचंही मीच? जमणार नाही.

बुधवार, १३

फाटकाशी रक्त धुऊन काढलं, तरी सिमेंटमध्ये डाग राहिला. वखारवाल्याचं गळ्याजवळचं हाड मोडलंय, हात महिनाभर झोळीत. म्हटलं, वखार तरी बंद राहील. तर दुपारी वारा पडला तेव्हा करवतीचा आवाज वरपर्यंत आला. कुणाला बसवलंय मशीनवर कोण जाणे.

घरी स्वयंपाक स्वतः केला. शेजारीण दारावरून गेली, बोलली नाही.

गुरुवार, १४

आली घसरण. अकरा चाळीसला. पडद्यावर रेघ खाली येताना बघत होतो, आणि चक्क्या आधीच पूर्ण जोरात, देण्यासारखं काही शिल्लक नाही. गावाची लाइन तुटली.

मॅडम म्हणाल्या, "साइट, तुमचा राखीव कुठे गेला?" म्हटलं, चार चक्क्यांत बिघाड आला, मेहुण्याशिवाय बघणार कोण? मी लगेच दुसरा विषय काढला. म्हटलं, आता फ्रिक्वेन्सी सावरली आहे, गावाची लाइन सगळ्यात आधी सोडा, इथे पुन्हा दंगल नको. त्यांनी मानलं. एकच विचारलं, "सोडण्याआधी खाली कुणाला कळवायचं आहे का?"

"कुणाला नाही. सोडा."

नऊ मिनिटांत वीज परत! आजवर वीस मिनिटांच्या आत कधी आली नव्हती. माझी माणसं टाळ्या वाजवायला लागली. म्हटलं, बघा, रागावलो तरी गावाचं काम करतोच ना. संध्याकाळी बायकोला फोन केला, उचलला नाही. दवाखान्यात आवाज बंद ठेवावा लागतो.

शुक्रवार, १५

पहारेकरी परत कामावर आला. चहा देताना सहज म्हणाला, "वखारवाल्याच्या बायकोचा हात गेला काल."

नवरा झोळीत हात घालून बसलेला, ऑर्डर अडलेली, म्हणून तीन दिवस मशीनवर तीच उभी होती. वीज गेली तेव्हा करवत फळीत अडकली. फळी सोडवायला तिने हात घातला. बटन बंद करायचं असतं हे नवऱ्याच्या अंगवळणी होतं, तिच्या नव्हतं.

"किती वाजता?" मी विचारलं.

"वीज आली ना साहेब, तेव्हा."

उजवा हात, मनगटाच्या वर. पहारेकऱ्याने स्वतःच्या हातावर बोट ठेवून दाखवलं.

बटन बंद करायला काय झालं होतं, असं लिहिलं होतं इथे. खोडलं. दिवसभर तो चहा टेबलावर तसाच होता.

शनिवार, १६

हॉस्पिटलात मेहुण्याला भेटलो. बायको औषधं आणायला खाली गेली होती. मी त्याला म्हटलं, बघ, वखारवाल्याच्या बायकोचा हात गेला, तुझा हिशेब चुकता झाला, देवानेच केला. त्याने डोळे मिटले. मग वही मागितली आणि बराच वेळ लिहीत बसला. अक्षर वाकडंतिकडं होतं पण वाचता आलं.

"तो त्यांना अडवत होता. मी जवळ होतो, ऐकलं. आत माणसं आहेत, कुणी दगड उचलायचा नाही, मी साहेबांशी बोलतो, असं म्हणत होता. दोघांना त्याने मागे ढकललं पण. मी तुम्हाला हात करत होतो."

खाली आणखी एक ओळ होती. "ताईला घरी नेऊ नका."

मी कागद चुरगाळला. मग सरळ केला. त्याने पुन्हा डोळे मिटून घेतले आणि मी तिथे बसून पहिली ओळ वाचत राहिलो. हात पसरलेले, पाठ आमच्याकडे. पाठ आमच्याकडे होती त्याची. मारायला आलेला माणूस पाठ करून उभा राहतो का? एवढं साधं मला तेव्हा दिसलं नाही, आणि इतक्या दिवसांत दिसलं नाही. बायको वर यायच्या आत निघालो.

सोमवार, १८

केंद्रात गेलो, सगळं सांगितलं. राखीव मीच काढला, आकडे खोटे पाठवले, चार चक्क्यांत बिघाड नव्हता. मॅडमना पहिल्यांदाच समोर पाहिलं. माझ्याच वयाच्या, केस पिकलेले. त्या रागावल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. गुरुवारचं रेकॉर्डिंग लावून म्हणाल्या, "हे तुम्ही ऐकायला हवं."

माझा आवाज. "कुणाला नाही. सोडा." किती खुशीत होतो मी.

"चाचणी रद्द," त्या म्हणाल्या. "यंत्रणा चालते हे नऊ तारखेला सिद्ध झालं होतं, मी सोडवणारच होते गावाला. आता माझा शब्द कोण ऐकणार? गाव यादीत पहिलंच राहील. किती वर्षं, माहीत नाही."

कामावरून मला काढलंय. उद्या पोलिसांत जबाब बदलून देणार आहे. हे चांगुलपणा म्हणून लिहीत नाही, दुसरं काय करावं हे सुचत नाही म्हणून लिहितोय.

मंगळवार, १९

पोलिसांकडून सरळ हॉस्पिटलात गेलो. वखारवाल्याची बायको बायकांच्या वॉर्डात शेवटच्या खाटेवर आहे. काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा घोकलं होतं.

खाटेजवळ स्टुलावर माझीच बायको बसलेली. वाटी-चमचा घेऊन तिला भरवत होती. दोघी काहीतरी बोलून हसत होत्या. माझी बायको हसताना मी कधी पाहिली होती ते आठवेना. मला पाहिल्यावर चमचा वाटीत ठेवला तिने, आणि दोघींचे चेहरे एकसारखेच झाले.

मी म्हटलं, "माझं चुकलं." वखारवाल्याची बायको माझ्याकडे नुसती बघत राहिली. सावळी, माझ्या बायकोहून लहानच असेल. बँडेज पोटाशी धरलेलं.

"ते यांना सांगितलंत, बरं केलंत," बायको म्हणाली. वाटी घट्ट धरून पुढे बोलत राहिली. "आता माझंही ऐका. मी येणार नाही. मुलगीही येणार नाही. मावशीला सगळं सांगितलंय मी. पहिल्यापासूनचं."

"काय पहिल्यापासूनचं? मी तुला कधी..." आणि पुढचं वाक्य तोंडातून येईना. कप, ताट, "पुन्हा विचारलं तेव्हा हो म्हणाली." सगळं माझ्याच अक्षरात या वहीत आहे. वॉर्डात उकडत होतं. डोळ्यांत घाम उतरला होता, तो पुसायला मी हात वर केला.

बायको स्टुलासकट मागे सरकली, वाटी खाली पडली. आणि वखारवाल्याची बायको झटक्यात खाटेवर उठून बसली. सलाइनची नळी ताणली गेली, वेदनेने तोंड वाकडं झालं तिचं. तिने उरलेला हात माझ्या बायकोपुढे आडवा धरला.

"घाम पुसतोय," मी म्हटलं. "फक्त घाम पुसत होतो."

मी हात खाली घेतला. तिने घेतला नाही.